काचेपलीकडचे भांडण : कोनराड लोरेंझ यांची जीवनकथा

काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळण्याची हौस ज्यांना आहे, त्यांना एक अनुभव हटकून आलेला असतो. दुकानातून मोठ्या उत्साहाने चार-सहा मासे आणावेत, पेटीत पांढरी वाळू, हिरवी पाने आणि हवेचे बुडबुडे अशी सारी सिद्धता करावी आणि रात्री समाधानाने झोपावे. सकाळी पाहावे तो एकाची शेपटी कुरतडलेली, दुसरा हवेच्या नळीमागे अंग चोरून उभा आणि तिसरा साऱ्या पाण्याचा धनी असल्याच्या ऐटीत फिरत आहे! घरातली मंडळी त्या तिसऱ्या माशाला दुष्ट ठरवून मोकळी होतात. कोणी त्याला उचलून दुसऱ्या बरणीत टाकतो. पण दोन दिवसांनी आजवर गरीब वाटणारा चौथा मासा तोच उद्योग सुरू करतो आणि आपण चकित होतो.

हे भांडण कशासाठी? भरपूर खाणे मिळत असताना, शत्रू कोणी नसताना मासा माशाला का चावतो? वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नावर एका मोठ्या शास्त्रज्ञाने आयुष्यातील कित्येक वर्षे खर्च केली. काचेपलीकडे जे घडत होते ते त्याने विलक्षण बारकाईने पाहिले. मात्र तेथून माणसाकडे वळताना त्याचा तोल गेला. एकदा तर फार भयंकर रीतीने गेला. म्हणूनच कोनराड लोरेंझ यांचे चरित्र केवळ प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीच नव्हे, तर आपण सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे.

लोरेंझ यांचा जन्म ७ नोव्हेंबर १९०३ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील अ‍ॅडॉल्फ लोरेंझ हे हाडांच्या विकारांवरील जगप्रसिद्ध डॉक्टर होते. जन्मतः निखळलेला खुब्याचा सांधा शस्त्रक्रिया न करता बसविण्याची त्यांची हातोटी इतकी गाजली होती की, अमेरिकेतूनही त्यांना बोलावणी येत. पैसा होता, मान होता आणि व्हिएन्नाजवळ डॅन्यूब नदीकाठी आल्टेनबेर्ग या गावी प्रशस्त घर होते. नदीच्या पुराने भरणारी डबकी, वेताची बेटे, झाडी आणि पाणपक्षी यांच्या सहवासात कोनराडचे बालपण गेले. या मुलाला प्राण्यांचे अक्षरशः वेड होते आणि आईवडिलांनी ते वेड मोठ्या सहनशीलतेने चालवून घेतले.

सेल्मा लागरलोफ या स्वीडिश लेखिकेच्या नील्स नावाच्या मुलाची गोष्ट त्याच्या वाचनात आली. रानहंसाच्या पाठीवर बसून देशभर फिरणाऱ्या त्या मुलाची कथा वाचून कोनराडला आपणही रानहंस व्हावे असे वाटू लागले. ते शक्य नाही असे कळल्यावर निदान एक हंस तरी पाळावा, असा हट्ट त्याने धरला. हंसाऐवजी शेजाऱ्याकडून त्याला बदकाचे एक दिवसाचे पिल्लू मिळाले. ते पिल्लू त्याच्याच मागे मागे धावू लागले. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या काही तासांत जो हालता प्राणी दिसेल त्यालाच ही पिल्ले आई मानतात, हा पुढे त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला शोध. त्याची पहिली ओळख त्यांना अशी खेळता खेळता झाली. त्या खेळात शेजारची मार्गारेट गेब्हार्ट ही मुलगीही सामील होती. १९२७ साली तिच्याशीच त्यांचा विवाह झाला.

घरी रेझी फ्यूरिंगर नावाची एक शेतकरी कुटुंबातील दाई होती. प्राणी वाढविण्याची कला तिच्या हातातच होती. वडिलांनी एकदा ठिपक्यांची सॅलॅमँडर मादी आणून दिली आणि तिला चव्वेचाळीस पिल्ले झाली. त्यांपैकी बारा पिल्ले या दाईने पूर्ण रूपांतर होईपर्यंत जगविली. आपल्या पुढील आयुष्याची दिशा या एका यशाने ठरली असावी, असे लोरेंझ म्हातारपणीही मानीत. मोठ्या माणसांच्या चरित्रात गुरूंची नावे ठळक अक्षरांत येतात. दायांची येत नाहीत. येथे ते नाव आवर्जून नोंदवावेसे वाटते.

मुलाने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा. १९२२ साली कोनराडला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडण्यात आले, पण थोड्याच काळात तो परतला आणि व्हिएन्नात वैद्यकीचे शिक्षण घेऊ लागला. तेथे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक फर्डिनांड होख्श्टेटर यांच्या शिकवण्याचा त्याच्यावर खोल परिणाम झाला. निरनिराळ्या प्राण्यांची हाडे शेजारी शेजारी ठेवून त्यांचे मूळ नाते शोधता येते, हे होख्श्टेटर शिकवीत. मग प्राण्यांच्या वागणुकीचीही अशीच तुलना का करू नये, असा विचार या तरुणाच्या मनात आला. १९२८ साली ते डॉक्टर झाले, १९३३ साली त्यांनी प्राणिशास्त्रातील डॉक्टरेटही मिळविली. पगाराची नोकरी मात्र बरीच वर्षे नव्हती. पत्नी डॉक्टर होती; तिच्या मिळकतीवर घर चालत असे. आणि घर तरी कसले! जॅकडॉ नावाच्या लहान कावळ्यांची वसाहत माळ्यावर, हंस अंगणात आणि मासे काचपेट्यांत.

माशांकडे पाहण्याची त्यांची रीत आपल्या दिवाणखान्यातील रीतीहून निराळी होती. तळ्यातील थोडी वाळू, दोन-चार पाणवनस्पती, तळ्याचेच पाणी आणि थोडेसे मासे एवढे जुळवून ठेवले की एक लहानसे जग तयार होते. त्यात फार ढवळाढवळ करू नये, असे त्यांचे मत होते. खर्च जवळजवळ नाही, आणि समोर तासन्‌तास बसले तर शिकण्यासारखे अपरंपार. पेटीसमोर नुसते बसणे हा त्यांच्या दृष्टीने रिकामपणाचा उद्योग नव्हता. तो अभ्यास होता.

अशाच बैठकीत त्यांनी पाहिलेला एक प्रसंग पुढे फार प्रसिद्धी पावला. आफ्रिकेतील सिक्लिड कुळातील रत्नमाशांमध्ये आई आणि बाप दोघेही पिल्लांचा सांभाळ करतात. तिन्हीसांजेला बाप भटक्या पिल्लांना तोंडात धरून घरट्याच्या खळग्यात आणून सोडतो. एका संध्याकाळी या बापाच्या तोंडात खाण्याचा किडा होता आणि त्याच वेळी एक चुकार पिल्लू समोर आले. त्याने तेही तोंडात घेतले. आता एकाच तोंडात दोन वस्तू; एक पोटात जायची, दुसरी घरी जायची. मासा क्षणभर निश्चल उभा राहिला. मग त्याने दोन्ही तळाशी टाकल्या, पिल्लावर नजर ठेवून शांतपणे किडा खाल्ला आणि नंतर पिल्लू उचलून घरी नेले. जो मासा शेजाऱ्यावर तुटून पडतो, तोच मासा बाप म्हणून असा वागतो. आपल्या तेलंगणातील कोर्रमीनु म्हणजे मरळ याच वृत्तीचा आहे. पिल्लांचा थवा पृष्ठभागाजवळ फिरत असतो आणि मायबाप खालून राखण करतात. त्या वेळी जवळ येणाऱ्यावर ते धावून जातात. तात्पर्य, आक्रमण आणि वात्सल्य ही एकाच घरातील भावंडे आहेत. माशाला दुष्ट म्हणून मोकळे होण्यात शहाणपण नाही, हा लोरेंझ यांचा पहिला धडा.

१९३६ साली लायडन येथील एका परिषदेत लोरेंझ यांची नीको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाशी भेट झाली. स्वभावाने दोघे दोन टोकांचे. लोरेंझ बोलके, कल्पक, भरारी घेणारे. टिनबर्गन मितभाषी, प्रत्येक कल्पना प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहणारे. दोघांची मैत्री तत्काळ जमली. पुढील वर्षी टिनबर्गन काही महिने आल्टेनबेर्गला येऊन राहिले आणि घरट्याबाहेर घरंगळलेले अंडे हंसी कशी परत ओढून घेते, यावर दोघांनी मिळून संशोधन केले.

टिनबर्गन यांचा आवडता मासा म्हणजे स्टिकलबॅक, पाठीवर काटे असलेला बोटभर लांबीचा मासा. विणीच्या काळात नराचे पोट लालभडक होते आणि तो पेटीचा एक भाग आपली हद्द म्हणून राखू लागतो. तांबड्या पोटाचा दुसरा नर दिसला की तो चवताळतो. माशाचा आकार नसलेला, पण खालची बाजू लाल रंगविलेला मेणाचा तुकडासुद्धा त्याला पुरतो. लायडनच्या प्रयोगशाळेसमोरच्या रस्त्याने टपालखात्याची लाल गाडी गेली, तरी खिडकीतल्या पेटीतील नर तिच्या रोखाने धावत असत! याहून बोधप्रद प्रयोग दुसराच. एकाच पेटीत दोन नरांच्या दोन हद्दी. दोघांना दोन काचनळ्यांत घालून दोन्ही नळ्या पहिल्याच्या हद्दीत नेल्या, तर पहिला मारायला धावतो आणि दुसरा पळू पाहतो. त्याच नळ्या दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या की भूमिका पूर्ण उलटतात. मासे तेच, त्यांचे बळही तेच. बदलली ती फक्त जागा. शूर मासा आणि भित्रा मासा असे दोन प्रकार नसतात. आपल्या घराजवळ प्रत्येक जण शूर असतो आणि घरापासून दूर गेल्यावर प्रत्येकाचे धैर्य खचते. जेथे दोघांचे धैर्य सारखे होते, तेथे सीमा ठरते.

येथवरची कहाणी निर्मळ आहे. यापुढील दहा वर्षांची तशी नाही, आणि ती गाळून लोरेंझ यांचे चरित्र सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. त्याच वर्षी लोरेंझ यांनी नाझी पक्षाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. १९४० साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात त्यांनी पाळीव प्राणी आणि सुधारलेली माणसे यांची तुलना मांडली. पाळीव बदके व हंस रानटी पूर्वजांच्या मानाने स्थूल आणि बेताल होतात, तसाच ऱ्हास शहरी मानवसमाजात होत आहे, आणि समाजाने असे निकृष्ट घटक वेचून काढले पाहिजेत, असा त्या लेखाचा रोख होता. वेचून काढणे या शब्दांचा अर्थ त्या काळच्या जर्मनीत काय होत होता, हे आज सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी त्यांना क्योनिग्जबेर्ग येथे प्राध्यापकपद मिळाले. एके काळी तत्त्वज्ञ कांट ज्या अध्यासनावर होते, त्याच परंपरेतील ते पद होते. १९४१ साली ते सैन्यात भरती झाले आणि पोझ्नान येथील लष्करी इस्पितळात मनोविकारांचे डॉक्टर म्हणून काम करू लागले. तेथे जर्मन-पोलिश मिश्र विवाहांतून जन्मलेल्या लोकांची वांशिक हेतूने जी मानसिक तपासणी झाली, तीतही त्यांचा सहभाग होता.

इकडे मित्राचे काय झाले? ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकल्याच्या निषेधार्थ लायडनच्या प्राध्यापकांनी जर्मन सत्तेला विरोध केला. टिनबर्गन त्यांच्यापैकी होते. १९४२ पासून दोन वर्षे ते ओलीस म्हणून छावणीत डांबले गेले. म्हणजे हंसाच्या अंड्यावर एकत्र वाकलेले दोन मित्र पाच वर्षांत कुंपणाच्या दोन बाजूंना जाऊन पडले!

१९४४ च्या उन्हाळ्यात व्हिटेब्स्कजवळ लोरेंझ रशियन सैन्याच्या हाती सापडले. सुमारे चार वर्षे ते युद्धकैदी होते. त्यांतील बराच काळ आर्मेनियात गेला. छावणीत त्यांनी कैद्यांवर औषधोपचार केले आणि सिमेंटच्या पिशव्यांचे कागद कापून, पोटॅशियम परमँगनेटची शाई करून एक मोठा ग्रंथ लिहिला. १९४८ साली ते हस्तलिखित आणि एक पाळलेला पक्षी घेऊन ते आल्टेनबेर्गला परतले. पुढील वर्षी केंब्रिजमध्ये दोघा मित्रांची पुन्हा भेट झाली. टिनबर्गन यांच्या मनात जखम होती, पण त्यांनी मैत्रीचा हात मागे घेतला नाही. युद्धानंतर या शास्त्राची घडी पुन्हा बसली, तिच्यात या क्षमेचा वाटा मोठा आहे.

१९४९ साली लोरेंझ यांचे सॉलोमन राजाच्या अंगठीची आठवण देणारे, प्राण्यांच्या सहवासाच्या गोष्टींचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते घराघरांत पोचले. त्यात एका कबुतराची हकीकत आहे. शांततेचे प्रतीक मानली जाणारी दोन कबुतरे एका पिंजऱ्यात ठेवून लोरेंझ बाहेरगावी गेले. परत येऊन पाहतात तो एकाने दुसऱ्याच्या पाठीची सालटी सोलून काढली होती. रानात हरलेले कबूतर उडून जाते. म्हणून जिंकलेल्याला थांबण्याची कला शिकावीच लागत नाही. पिंजऱ्याने पळण्याची वाट बंद केली आणि भांडणाची हत्या झाली. सयामी फायटर माशांचेही असेच आहे. लहानशा बरणीत दोन नर एकत्र ठेवले तर एकाचा अंत होतो, तो मासा क्रूर म्हणून नव्हे, तर बरणी लहान म्हणून.

पुढे बव्हेरियातील झेविझेन येथे माक्स प्लांक संस्थेच्या वतीने त्यांच्यासाठी संशोधनकेंद्र उभे राहिले. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ पाण्यात डोके घालून प्रवाळातील मासे पाहिल्यावर, तेच दृश्य त्यांनी मोठमोठ्या पेट्यांत उभे केले. त्यांच्या लक्षात आले की, भडक रंगाचे हे मासे परक्या जातीच्या माशाला सहसा हात लावीत नाहीत. पण आपल्याच जातीचा दुसरा दिसला की जिवावर उठतात. कारण सरळ आहे. एका गल्लीत किराणा दुकान आणि शिंप्याचे दुकान सुखाने नांदतात. दोन किराणा दुकाने लागून उघडली की कुरबूर सुरू होते. प्रवाळात प्रत्येक जातीचे खाणे वेगळे. म्हणून खरा वाटेकरी तो स्वजातीयच. या भांडणाने मासे एकमेकांपासून दूर पसरतात आणि प्रत्येकाला पुरेसे क्षेत्र मिळते. मारणे हा त्याचा हेतू नसतो. पांगविणे हा असतो.

आणखी एक निरीक्षण आपल्या देशाच्या माशाशी निगडित आहे. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत पिवळा-नारिंगी क्रोमाइड नावाचा लहान सिक्लिड मासा मिळतो. केरळातील प्रसिद्ध करीमीनचा हा धाकटा भाऊबंद. त्याची जोडी इतर माशांसोबत असते तोवर नर शेजाऱ्यांवर डाफरतो आणि घरात गोडीने राहतो. शेजारी काढून घेतले की तोच नर आपल्या मादीवर उलटतो. ब्राझीलच्या दुसऱ्या एका जातीच्या जोड्या लगतच्या पेट्यांत, मध्ये काच ठेवून राखल्या होत्या. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला की नर मादीला छळू लागे. काच पुसून स्वच्छ केली की राग शेजाऱ्यावर निघे आणि घरात शांतता होई.

अशा निरीक्षणांवर आधारलेले त्यांचे आक्रमणवृत्तीवरील पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. आपल्या हैदराबादेतील नेहरू प्राणिसंग्रहालय सुरू झाले ते याच वर्षी. पुस्तक जगभर गाजले. पण त्यात लोरेंझ यांनी पुन्हा काच ओलांडली. टाकीत पाणी साचत जावे तसे आक्रमण प्राण्याच्या आत आपोआप साचते, ते कोठेतरी वाहून जाणे अटळ आहे, आणि माणसातही हीच टाकी आहे. म्हणून खेळासारख्या निरुपद्रवी वाटांनी ती रिकामी करीत राहावे, असे त्यांनी प्रतिपादिले. अणुबाँबच्या छायेत जगणाऱ्या वाचकांना हे स्पष्टीकरण पटण्याजोगे वाटले. युद्ध रक्तातच आहे म्हटले की कोणालाच जाब द्यावा लागत नाही!

शास्त्राने मात्र जाब विचारला. अमेरिकेतील डॅनियल लेरमन यांनी १९५३ सालीच लोरेंझ यांच्या सहजप्रवृत्तीच्या कल्पनेवर कठोर टीका केली होती. विशेष म्हणजे पुढचा आक्षेप माशांकडूनच आला. लोरेंझ यांच्याच शिष्यवर्गातील वाल्टर हायलिगेनबर्ग यांनी एका सहकारी संशोधिकेसह १९७२ साली प्रयोग प्रसिद्ध केला. आफ्रिकी सिक्लिड नराला इतर नरांपासून दूर ठेवले, तर त्याचा राग साचत गेला नाही. उलट दिवसेंदिवस ओसरत गेला. प्रतिस्पर्धी दिसला की तो पुन्हा चढे. म्हणजे टाकीची उपमा निदान त्या माशाला तरी लागू नव्हती. १९८६ साली स्पेनमधील सेव्हिल येथे जमलेल्या अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी एक निवेदन काढले. युद्ध हे मानवाला प्राणिपूर्वजांकडून वारशाने मिळालेले आहे, असे म्हणणे शास्त्राला धरून नाही, असे त्यात स्पष्ट केले होते. ज्या मानवजातीने युद्ध शोधून काढले, ती शांतताही शोधून काढू शकते, असा त्याचा एकंदर आशय होता.

१९७३ साली लोरेंझ, टिनबर्गन आणि मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ लावणारे कार्ल फोन फ्रिश या तिघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. फ्रिश यांच्या पूर्वजांत ज्यू होते, म्हणून नाझी राजवटीत त्यांना फार त्रास झाला होता. एकाने त्या राजवटीत पद मिळविले, दुसऱ्याने छावणी भोगली, तिसऱ्याला वंशावरून छळ सोसावा लागला, आणि तिघांना मिळून एकच पारितोषिक! त्या वेळी लोरेंझ यांचा १९४० चा लेख पुन्हा चर्चेत आला. नाझींच्या परिभाषेत आपण लिहिले याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. पण पक्षाच्या सदस्यत्वाविषयी ते अखेरपर्यंत मोकळेपणाने बोलले नाहीत.

निवृत्तीनंतर ते आल्टेनबेर्गला परतले. तेथे त्यांनी प्रवाळमाशांसाठी मोठी खाऱ्या पाण्याची पेटी उभारली आणि वृद्धापणी पुन्हा काचेसमोर खुर्ची टाकली. डॅन्यूबकाठच्या हाइनबुर्गच्या रानात धरण होऊ नये म्हणून १९८४ साली जे आंदोलन झाले, त्याला त्यांचे नाव मोठा आधार ठरले. १९८६ साली पत्नी निवर्तली. २७ फेब्रुवारी १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. टिनबर्गन दोनच महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९८८ मध्ये गेले होते. मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी, २०१५ साली, जुनी कागदपत्रे तपासून साल्झबुर्ग विद्यापीठाने त्यांना दिलेली सन्माननीय डॉक्टरेट काढून घेतली.

मग या माणसाचे आपण काय करावे? पुतळा उभारावा की नाव पुसून टाकावे? मला वाटते, दोन्ही सोपे आहे आणि दोन्ही चूक आहे. लोरेंझ यांच्या आयुष्याकडे नीट पाहिले तर एक रेघ दिसते. काचेसमोर बसून त्यांनी जे पाहिले, ते बहुतांशी टिकले. पाहणे थांबवून जेव्हा त्यांनी माशावरून वा बदकावरून थेट माणसाबद्दल निर्णय दिला, तेव्हा ते चुकले. १९६३ साली चुकले ते निदान वादविवादाने दुरुस्त होण्याजोगे होते. १९४० साली चुकले, त्यात एका खुनी सत्तेला शास्त्राचा आधार मिळाला. विद्यार्थ्याने शिकायचे ते हे, की निरीक्षण आणि अनुमान यांच्यामध्ये प्रयोगाची एक काच असते. ती पुसून स्वच्छ ठेवावी. उडी मारून ओलांडू नये.

घरच्या पेटीपुरते मात्र लोरेंझ आणि टिनबर्गन यांचे म्हणणे आजही खुशाल मानावे. एका पेटीत फायटरचा एकच नर ठेवावा. एकाच रंगरूपाचे, हद्द राखणारे दोन मासे आणू नयेत. टायगर बार्बसारखे थव्याने राहणारे मासे दोन-तीन न ठेवता आठ-दहा ठेवावेत, म्हणजे त्यांची खोडी त्यांच्यातच वाटली जाते आणि एंजलच्या लांब पंखांचे कुरतडणे टळते. दगड, मातीची फुटकी कुंडी, दाट पाने अशी आडोशाची जागा करावी. हरलेल्याला दृष्टीआड होता आले की भांडण तेथेच मिटते. नवा मासा सोडण्याआधी पेटीतील दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या धन्याची हद्द मोडते आणि सारेच नव्याने सुरुवात करतात. खाणे एकाच कोपऱ्यात न टाकता दोन ठिकाणी टाकावे. यांतील एकही उपाय माशाचा स्वभाव बदलीत नाही. सारे उपाय जागा बदलतात.

आणि माणसांचे काय? लोरेंझ कैदेतून परतले त्याच १९४८ सालच्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्या वर्षाच्या आगेमागे येथे किती रक्त सांडले, हे जुन्या पिढीला ठाऊक होते. आठ वर्षांनी, १९५६ साली, राज्याची भाषावार वाटणी झाली. मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि तेलंगण आंध्र प्रदेशात आले. या शहरात राहून गेलेली मराठी आणि कन्नड कुटुंबे तेलुगू व उर्दू शेजारात नांदत राहिली. त्या सीमा आयोग नेमून, नकाशे पुढ्यात घेऊन, वाद घालून आणि कायदा करून आखल्या गेल्या. काही ठिकाणी त्यांचा वाद आजही मिटलेला नाही, हे खरे. पण चावा न घेता सीमेबद्दल बोलत बसणे स्टिकलबॅकला जमत नाही, माणसाला जमते. दंगल झाली की हे आमच्या रक्तातच आहे असे म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला लोरेंझ यांची सगळी गोष्ट सांगावी, अर्धी नव्हे.